उखडलेली लाइन परत टाकताना: ऑक्सफर्ड–वूस्टर मार्गाच्या अर्ध्या दुहेरीकरणाचं प्रकरण

रेल्वेमार्ग बंद पडतो तेव्हा बातमी होते. शेवटच्या गाडीला गर्दी लोटते, निषेधसभा होतात, स्थानिक पेपरात फोटो छापून येतात. दुहेरी मार्ग एकेरी केला जातो तेव्हा यातलं काही घडत नाही. गाड्या धावत असतात, तिकीटखिडकी उघडी असते, पाटीवर स्टेशनचं नाव तेच असतं. दोनपैकी एक लाइन गेलेली असते, एवढंच. तिची किंमत कळायला वीस-तीस वर्षं जातात. तोवर ती उखडण्याच्या कागदावर सही करणारे निवृत्त झालेले असतात.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड–वूस्टर मार्गावर नेमकं असंच झालं. १९७१ मध्ये या मार्गाची बहुतांश दुसरी लाइन काढली. चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्यातली निम्मी परत टाकली. उरलेली निम्मी अजून आलेली नाही. जे परत आलं त्याचं कौतुक भरपूर झालं आहे आणि ते रास्तच आहे. पण या मार्गावर आज किती गाड्या धावू शकतात, हे जे परत आलं नाही त्यावर ठरतं. म्हणून हे प्रकरण दोन्ही बाजूंनी तपासायला हवं.

मार्ग कसा आहे

लंडनच्या पॅडिंग्टनहून निघालेली गाडी ऑक्सफर्डला येते आणि तिथून वायव्येकडे कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमधून वूस्टरला जाते. काही गाड्या पुढे मॉल्व्हर्न आणि हेरिफर्डपर्यंत जातात. ऑक्सफर्ड ते वूस्टर अंतर सुमारे ५७ मैल, म्हणजे ९२ किलोमीटर. मधे मोठं शहर एकही नाही. हॅनबरा, चार्लबरी, किंगहॅम, मॉर्टन-इन-मार्श, हनीबोर्न, ईव्हशम, पर्शोर ही सगळी बाजारपेठेची छोटी गावं किंवा त्याहून लहान खेडी. इंग्लंडच्या नकाशात हा ना मुख्य मार्ग, ना अगदी शाखामार्ग. अशा मधल्या मार्गांचंच काटछाटीत सगळ्यात जास्त नुकसान होतं. मुख्य मार्गाला हात लावायची कोणाची हिंमत नसते आणि शाखामार्ग सरळ बंदच होतो.

ऑक्सफर्ड, वूस्टर अँड वुल्व्हरहॅम्प्टन रेल्वे या कंपनीला १८४५ च्या कायद्याने परवानगी मिळाली. इंजिनिअर होते इझमबार्ड किंग्डम ब्रुनेल. काम रखडत गेलं. कॅम्पडेनजवळच्या बोगद्यावरून कंत्राटदाराशी वाद झाला आणि जुलै १८५१ मध्ये ब्रुनेल यांनी मजुरांची फौज नेऊन बोगद्याचा ताबा घेतला. दंगल होऊ नये म्हणून दंडाधिकाऱ्यांना मधे पडावं लागलं. मिकल्टनची लढाई म्हणून हा प्रसंग रेल्वेच्या इतिहासात आजही सांगितला जातो. कंत्राटदाराशी भांडण कोर्टात न नेता कुदळ-फावड्यांनी मिटवायचं, तेही दस्तुरखुद्द मुख्य इंजिनिअरने. त्या काळच्या भांडवलदारीची ही झलक.

ऑक्सफर्डच्या उत्तरेचं वुल्व्हरकोट जंक्शन ते ईव्हशम हा भाग जून १८५३ मध्ये सुरू झाला तेव्हा एकेरीच होता. पाच-सहा वर्षांत तो दुहेरी झाला. १८६३ मध्ये सगळा मार्ग ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला. म्हणजे या मार्गाचं दुहेरीकरण दोनदा झालं आहे. एकदा व्हिक्टोरिया राणीच्या काळात आणि एकदा तिच्या खापरपणतीच्या, दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात.

१९७१: काय काढलं आणि का

१९५० च्या दशकाअखेर ब्रिटिश रेल्वे तोट्यात बुडत चालली होती. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. हजारो मैल मार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करण्याची शिफारस त्यात होती. बीचिंग यांचं नाव आजही तिकडे शिवीसारखं घेतलं जातं, पण ते मार्ग बंद करण्याबद्दल. चालू मार्ग बारीक करण्याचं काम त्यांच्यानंतर, बऱ्याच कमी गाजावाजात झालं.

याच्या मुळाशी एक विचित्र प्रोत्साहन होतं. १९६८ च्या वाहतूक कायद्यात, ज्याचं विधेयक बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना आलं, रेल्वेला जादा ठरलेले रूळ आणि सिग्नल काढून टाकण्यासाठी सरकारी अनुदानाची तरतूद केली गेली. हेतू वाईट नव्हता. वाफेची इंजिनं गेली होती, छोट्या स्टेशनांवरची मालवाहतूक ट्रककडे गेली होती, आणि रेल्वे नसलेल्या वाहतुकीसाठी यार्डं आणि लाइनी सांभाळत बसली होती. त्या खर्चातून तिला मोकळं करणं शहाणपणाचंच होतं. अडचण अशी की अनुदान काढण्यासाठी होतं, ठेवण्यासाठी नव्हतं. एखाद्या विभागाच्या व्यवस्थापकासमोर दोन पर्याय होते. दुसरी लाइन ठेवली तर दरवर्षी रूळ, स्लीपर, खडी, सांधे आणि सिग्नल केबिनमधली माणसं यांचा खर्च. काढली तर तो खर्च वाचतो, जुनं लोखंड विकता येतं आणि वर सरकार पैसे देतं. यात कोण काय निवडेल हे सांगायची गरज नाही.

ऑक्सफर्ड–वूस्टरवर तीन तुकडे एकेरी झाले. वुल्व्हरकोट जंक्शन ते ॲस्कॉट-अंडर-विचवुड, मॉर्टन-इन-मार्श ते ईव्हशम, आणि ईव्हशम ते वूस्टरजवळचं नॉर्टन जंक्शन. एकूण साधारण ६५ किलोमीटर. ॲस्कॉट ते मॉर्टन हा सतरा-अठरा किलोमीटरचा तुकडा दुहेरी राहिला आणि ईव्हशम स्टेशनात गाड्यांना एकमेकींना ओलांडण्याची सोय ठेवली. याच मार्गावरच्या हॅनबरा स्टेशनवर ३० जानेवारी १९६५ रोजी विन्स्टन चर्चिल यांची अंत्ययात्रेची गाडी लंडनहून आली होती. ती आली तेव्हा दोन्ही लाइनी जागेवर होत्या. सहा वर्षांनी तिथे एकच लाइन आणि एकच फलाट उरला, आणि आजही तेवढंच आहे.

त्या काळच्या आकड्यांनी पाहिलं तर निर्णय चुकीचा म्हणणं कठीण आहे. गाड्या कमी होत्या, प्रवासी घटत होते, आणि कागदावर एक लाइन पुरत होती. चूक हिशेबात नव्हती, हिशेबाच्या रकान्यात होती. रुळाचा देखभालखर्च पौंडांत मांडता येत होता. उशीर झालेल्या गाडीला वाट मोकळी मिळण्याची किंमत मांडायला रकानाच नव्हता.

एकेरी लाइनचं गणित

कोकण रेल्वेने गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. रत्नागिरीच्या अलीकडे कुठल्याशा छोट्या स्टेशनवर गाडी थांबते, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, आणि डब्यातलं कोणीतरी म्हणतं, क्रॉसिंगला लागली. समोरची गाडी वेळेवर असेल तर पाच मिनिटं, नसेल तर अर्धा तास. कोकण रेल्वे मुळात एकेरी म्हणून बांधली गेली आणि रोहा–वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. कॉट्सवोल्डमध्ये उलट दिशेने प्रवास झाला, पण लाइनीचा नियम तोच.

दोन्ही टोकांकडून तासाला एक गाडी सुटते असं धरू. दोघी एकमेकींकडे धावत असल्याने प्रत्येक गाडीला समोरची गाडी दर अर्ध्या तासाने भेटणार. ऑक्सफर्ड ते वूस्टर सव्वा तासाच्या आसपास लागतो, म्हणजे वाटेत दोन किंवा तीन भेटी. प्रत्येक भेट दुहेरी जागीच व्हायला हवी.

आता १९७१ नंतरचा मार्ग डोळ्यासमोर आणा. पहिली भेट ऑक्सफर्डजवळ, जिथे दुहेरी आहे. तिथून अर्ध्या तासाने गाडी कुठे असते? साधारण ॲस्कॉट आणि मॉर्टनच्या मधे. तिथे दुहेरी तुकडा ठेवलेला आहे. पुढच्या अर्ध्या तासाने ईव्हशमला, जिथे ओलांडायची सोय आहे. त्यानंतरच्या अर्ध्या तासाने वूस्टर. म्हणजे कागदावर तासाला एक गाडी बरोबर बसते! ज्यांनी लाइन काढली त्यांनी आंधळेपणाने काढली नव्हती, हे इथे दिसतं. ठरवून, मोजून काढली होती.

फक्त त्या मोजणीत उशिराला जागा नव्हती. लंडनहून येणारी गाडी ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, भलत्याच गर्दीच्या मार्गावर, दहा मिनिटं अडकली तर ईव्हशमला समोरची गाडी दहा मिनिटं तिची वाट बघत बसणार. ती मग ॲस्कॉटच्या तुकड्यावर उशिरा पोचणार आणि तिसऱ्या गाडीला अडवणार. शिवाय ती लंडनच्या दिशेची असल्यामुळे ऑक्सफर्डला आपली ठरलेली वेळ चुकवणार, आणि तिथून पुढे तिच्यामागे दुसऱ्याच गावांच्या गाड्या खोळंबणार. दुहेरी लाइनवर उशीर त्या गाडीपुरता राहतो. एकेरीवर तो समोरच्या गाडीला चिकटतो, तिच्याकडून तिसरीला. सकाळी आठला झालेला उशीर दुपारी बाराला कोणाच्या तरी डोक्यावर बसलेला असतो आणि तो कुठून आला हे त्या प्रवाशाला कधी कळत नाही.

यावर रेल्वेकडे एकच उपाय होता: गाड्या कमी चालवायच्या आणि वेळापत्रकात मोकळी मिनिटं पेरायची. त्यामुळे सेवा विरळ राहिली, प्रवासाचा वेळ वाढला, आणि विरळ सेवेमुळे प्रवासी आले नाहीत. प्रवासी कमी म्हणून लाइन काढायची, लाइन कमी म्हणून प्रवासी यायचे नाहीत, आणि मग आकडे दाखवून सांगायचं की बघा, एक लाइन पुरते.

प्रवासी परत आले

१९७८ मध्ये कॉट्सवोल्ड लाइन प्रमोशन ग्रुप ही प्रवाशांची संघटना उभी राहिली. आणखी काटछाट होईल या भीतीने गावोगावचे लोक एकत्र आले होते. सुरुवातीची वर्षं त्यांचं काम आहे ते टिकवण्याचंच होतं. १९६९ मध्ये बंद झालेलं हनीबोर्न स्टेशन १९८१ मध्ये पुन्हा उघडलं, हे त्या दिवसांतलं मोठं यश.

मग हळूहळू परिस्थिती फिरली. लंडन आणि ऑक्सफर्डमधली घरं परवडेनाशी झाली, नोकरदार माणसं गावांकडे सरकली, कॉट्सवोल्डच्या पिवळ्या दगडांच्या घरांना भाव आला. चार्लबरीसारख्या तीन हजार वस्तीच्या गावातून रोज लंडनला जाणारे लोक फलाटावर उभे राहू लागले. सकाळच्या गाडीत जागा नाही, आणि आणखी एक गाडी सोडायची तर लाइनीत जागा नाही, अशी अवस्था आली. १९७१ च्या हिशेबात नसलेला रकाना आता सगळ्यांना दिसू लागला होता.

२००८ मध्ये रेल्वे नियामकाने दुहेरीकरणाला मंजुरी दिली. खर्च ६ कोटी ७० लाख पौंड, त्या वेळच्या दराने अंदाजे पाचशे कोटी रुपये. काम नेटवर्क रेलचं, म्हणजे ब्रिटनचे रूळ सांभाळणाऱ्या संस्थेचं. टाकायची लाइन २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर, दोन तुकड्यांत: चार्लबरी ते ॲस्कॉट आणि मॉर्टन ते ईव्हशम.

जागा होती, तरी सोपं नव्हतं

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जमीन रेल्वेचीच, बांध तयार, पूल दोन लाइनींचे, बोगदा दोन लाइनींचा. रूळ आणून टाकायचे फक्त. अशा कामात अडचण होते ती मधल्या चाळीस वर्षांची.

दुहेरी मार्ग एकेरी केला की उरलेली लाइन आपल्या जागी राहतेच असं नाही. वळणावर वेग वाढवता यावा, पुलाखाली किंवा बोगद्यात दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळावी म्हणून ती मधोमध सरकवतात. काही ठिकाणी ती एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. त्यामुळे नवी लाइन टाकण्याआधी जुनीला परत कडेला ढकलावं लागतं. कॅम्पडेनच्या बोगद्यात, ज्याच्यासाठी ब्रुनेल यांची माणसं कंत्राटदाराच्या माणसांना भिडली होती, त्या ८११ मीटरच्या बोगद्यात दोन लाइनी आजच्या मापांनी बसवणं हे स्वतंत्र काम होतं. एकोणिसाव्या शतकातल्या डब्यांना पुरणारी जागा आजच्या डब्यांना आणि आजच्या सुरक्षानियमांना पुरेलच असं नसतं.

मोकळ्या पडलेल्या अर्ध्या भागात नंतरच्या पिढ्यांनी सिग्नलच्या केबलींचे चर टाकलेले असतात. तिकडची गटारं कोणी साफ केलेली नसतात, कारण तिकडे गाडी जात नाही. बांधाची ती बाजू खचते, झाडं वाढतात. लेव्हल क्रॉसिंग एका लाइनीच्या हिशेबाने बदललेलं असतं, आणि दोन लाइनी झाल्या की तिथला धोका वेगळाच होतो. एक गाडी गेली म्हणून माणूस रूळ ओलांडायला निघतो आणि विरुद्ध दिशेने दुसरी येते. म्हणजे फाटक नवं, सिग्नलशी त्याची जोडणी नवी. आणि हे सगळं चालू मार्गावर, गाड्या चालवत चालवत, रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या ब्लॉकमध्ये. मुंबईकराला मेगाब्लॉक म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

फलाटांचं तर विचारू नका. चार्लबरीला ब्रुनेल यांच्या काळातली लाकडी स्टेशन इमारत आहे, संरक्षित वास्तूंच्या यादीतली. तिच्यासमोरचा फलाट केव्हाच गेला होता. तिथे नवा फलाट बांधावा लागला. हनीबोर्नला दुसरा फलाट परत वापरात आणला. आणि ॲस्कॉट-अंडर-विचवुडला, जिथे दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात, तिथेही दुसऱ्या लाइनीसाठी नवा फलाट उभारला. खेड्यातल्या त्या फलाटावर सकाळी किती लोक उभे असतात ते पाहिलं तर पैसा वाया गेला असं वाटेल. पण लाइन दुहेरी केली आणि स्टेशन चालू ठेवायचं असलं की फलाट दोन्हीकडे हवाच.

जून २०११ मध्ये चार्लबरी–ॲस्कॉट आणि ऑगस्ट २०११ मध्ये मॉर्टन–ईव्हशम असे दोन्ही तुकडे वापरात आले. खर्चाचा भागाकार सोपा आहे: ६ कोटी ७० लाख भागिले ३२, म्हणजे किलोमीटरला जेमतेम २१ लाख पौंड. काढताना अनुदान मिळालं होतं, टाकताना हे बिल आलं. तरी एवढ्यावर भागलं ते दुसऱ्या लाइनीखालची जमीन रेल्वेने विकली नव्हती म्हणूनच. ऑक्सफर्ड–केंब्रिज मार्गाचं उदाहरण बघा. त्याचे मोठे भाग १९६७ च्या अखेरीस पूर्ण बंद झाले, बेडफर्ड ते केंब्रिजच्या जुन्या वाटेवर नंतर बांधकामं झाली, आणि आज तिकडे रेल्वे न्यायची तर नवीनच मार्ग आखावा लागतो आहे. एकेरीकरणाला निदान परतीची वाट असते.

मधलाच भाग का निवडला

वुल्व्हरकोट ते चार्लबरी आणि ईव्हशम ते नॉर्टन जंक्शन हे दोन तुकडे एकेरीच ठेवले, आणि हॅनबरा, जिथे प्रवासी सगळ्यात वेगाने वाढत होते, तिथे काही मिळालं नाही. पहिल्यांदा हे वाचताना कोणालाही वाटेल की गर्दी टोकाला आणि पैसा मधे, असा कसा न्याय?

वर केलेला हिशेब पुन्हा मांडला की उत्तर मिळतं. नव्या लाइनीमुळे चार्लबरी ते ईव्हशम हा ४८ किलोमीटरचा सलग दुहेरी पट्टा तयार झाला. गाडीला तो पार करायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. तासाला एक गाडी असेल तर भेटी अर्ध्या तासाने, म्हणजे मधली किमान एक भेट या पट्ट्यात कुठेही होऊ शकते. पंधरा मिनिटं उशीर झाला तर भेट किंगहॅमऐवजी मॉर्टनला होईल, आणि कोणीही कोणासाठी थांबणार नाही. आधी भेटीची जागा ठरलेली होती, आता ती सरकू शकते. त्याच पैशात दोन टोकं दुहेरी केली असती तर मधला मॉर्टन–ईव्हशम तुकडा गळफासासारखा तसाच राहिला असता. तासाला एका गाडीसाठी मधला भाग निवडणं बरोबरच होतं, आणि ज्यांनी हे गणित करून पैसा तिकडे वळवला त्यांना श्रेय द्यायला हवं. राजकारणी माणूस गर्दीच्या टोकाला फीत कापायला गेला असता.

शेजारच्या स्विंडन–केंबल मार्गाशी तुलना केली तर फरक कळतो. तिथेही १९६८ मध्ये एक लाइन काढली होती, साडेबारा मैलांची. २०११ च्या अर्थसंकल्पात पैसे मिळाले आणि २०१४ मध्ये साडेचार कोटी पौंडांत सगळा तुकडा परत दुहेरी झाला. तिथे एकच एकेरी तुकडा होता, तो गेला आणि प्रश्न संपला. सेव्हर्न नदीखालचा बोगदा बंद ठेवावा लागला की दक्षिण वेल्सच्या गाड्या वळवायलाही तो मार्ग मोकळा मिळाला. ऑक्सफर्ड–वूस्टरला तीन तुकडे होते, त्यातला एक पूर्ण आणि एकाचा शेपटाकडचा भाग एवढंच परत दुहेरी झालं.

तासाला दोन गाड्या हव्या झाल्या तेव्हा

२०११ चं काम तासाला एका गाडीसाठी होतं. ते साधलं. आता मागणी आहे अर्ध्या तासाला एक गाडी, निदान ऑक्सफर्ड ते वूस्टर. आणि इथे सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.

अर्ध्या तासाला एक गाडी म्हटलं की भेटी दर पंधरा मिनिटांनी. म्हणजे कुठलाही एकेरी तुकडा पंधरा मिनिटांच्या आत, आणि थोडी सवड ठेवून, पार व्हायला हवा. वुल्व्हरकोट–चार्लबरी साधारण सोळा-सतरा किलोमीटर आहे, मधे हॅनबराचा थांबा. बारा-तेरा मिनिटं लागतात. बसतं, पण सवड नाही. ईव्हशम–नॉर्टन सतरा किलोमीटर, आणि थांबे दोन. चौदा-पंधरा मिनिटं. तिथे बसतच नाही.

ते दोन थांबे म्हणजे पर्शोर आणि वूस्टरशर पार्कवे. पार्कवे हे नवीन स्टेशन फेब्रुवारी २०२० मध्ये उघडलं. बर्मिंगहॅम–ग्लॉस्टर मुख्य मार्ग जिथे कॉट्सवोल्डच्या लाइनखालून जातो तिथे ते आहे. खाली दोन फलाट, वर एकच, कारण वरची लाइन एकेरी. स्टेशन उत्तम जागी आहे, मोठ्या पार्किंगमुळे आसपासच्या भागातून प्रवासी तिथे येतात. पण एकेरी तुकड्यावर नवा थांबा दिला की प्रत्येक गाडी तो तुकडा आणखी दोन-अडीच मिनिटं अडवून धरते. प्रवासी वाढवणारं स्टेशन मार्गाची क्षमता खातं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. क्षमता भरपूर असती तर ही अडीच मिनिटं कोणाच्या लक्षातही आली नसती.

वाटेतल्या काउंट्या, स्थानिक परिषदा आणि उद्योगसंस्था यांनी मिळून नॉर्थ कॉट्सवोल्ड लाइन टास्क फोर्स उभा केला, अध्यक्ष लॉर्ड फॉकनर ऑफ वूस्टर. त्यांचा प्रस्ताव उरलेली सगळी लाइन परत मागत नाही. ते दोन तुकडे मागतात: वुल्व्हरकोटकडून हॅनबरापर्यंत आणि ईव्हशमकडून पर्शोरपर्यंत, प्रत्येकी आठ किलोमीटरच्या आसपास. एकेरी तुकडे पूर्ण नाहीसे करायचे नाहीत, पंधरा मिनिटांच्या खाली व्यवस्थित बसतील एवढे आखूड करायचे. हॅनबराला दुसरा फलाट त्यातच येतो. २०११ मध्ये वापरलेलीच रीत ही, म्हणजे आधी वेळापत्रक ठरवायचं आणि मग त्याला लागेल तेवढीच लाइन टाकायची.

मला हा प्रस्ताव पटतो, पण काळजीही वाटते. गरजेपुरतीच लाइन हा विचार १९७१ मध्येही होता. तेव्हाही कोणीतरी वेळापत्रक मांडलं, भेटीच्या जागा काढल्या आणि उरलेलं उखडलं. आज उलट दिशेने तोच हिशेब चालला आहे, आणि पुढच्या वीस वर्षांत एक नवं स्टेशन किंवा एक जादा थांबा आला की पुन्हा दोन मिनिटं कमी पडणार आहेत. शिवाय सिग्नलची यंत्रणा, फाटकं, ब्लॉक आणि माणसं यांचा खर्च आठ किलोमीटरला आणि सोळा किलोमीटरला काही दुप्पट फरकाने येत नाही. एकदा यंत्रसामग्री आणि माणसं जागेवर आणली की चार्लबरीपर्यंत सलग जाण्यात प्रत्येक जादा किलोमीटर स्वस्त पडतो.

ब्रिटनचा खजिना, म्हणजे तिथलं अर्थखातं, मात्र असा विचार करत नाही. तिथे प्रत्येक पौंडामागे किती लाभ हे दाखवावं लागतं, आणि त्या पद्धतीत शेवटच्या किलोमीटरचा लाभ नेहमी सगळ्यात कमी दिसतो. त्यामुळे एकत्र मागणी करून सगळंच अडण्यापेक्षा टप्प्यांत घेणं व्यवहाराचं. तसं असेल तर आधी हॅनबरा व्हावं असं माझं मत. ईव्हशमकडचा तुकडा गणिताने जास्त अडतो हे खरं, पण हॅनबराची आठ किलोमीटर झाली की निदान ऑक्सफर्ड ते ईव्हशम अर्ध्या तासाला गाडी सोडता येते. तिथून पुढे वूस्टरला एकाआड एक गाडी जाईल. उलट क्रमाने, म्हणजे आधी ईव्हशम–पर्शोर केलं, तर ऑक्सफर्डच्या टोकाला सवड नसलेला तुकडा तसाच राहतो, आणि लंडनकडून येणारा सगळा उशीर आत शिरतो तो त्याच टोकाने. अर्थात ऑक्सफर्ड स्टेशनातच जादा गाड्या उभ्या करायला फलाट लागणार. तिथलं विस्ताराचं काम २०२३ पासून रेल्वे पुलाखालून जाणारा बॉटली रोड बंद ठेवून चालू होतं आणि शहरातले लोक त्यावर वैतागले होते. हॅनबराच्या लाइनीला पैसा मिळाला तरी पहिली जादा गाडी त्या फलाटाच्या आधी सुटणार नाही.